स्वस्त गिटार आणि खरी गिटार

आजचा विषय वाचून काही जणांनी आम्हाला आधीच विचारले की, सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस, तुमचा इलेक्ट्रिक गिटारशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. आम्ही वादक नाही. पण किंमत आणि मूल्य यांत फरक काय, हा आमच्या शास्त्राचा जुना प्रश्न आहे, आणि तो हल्ली पिंप्राळ्यातल्या घराघरात गिटारच्या रूपाने येऊन बसलेला आहे. मुलगा किंवा मुलगी मोबाईलवर कुणाचे तरी वादन ऐकते आणि म्हणते, मला इलेक्ट्रिक गिटार पाहिजे. सात-आठ हजारांत घरपोच मिळते. तीच दिसायला तशीच दुसरी गिटार लाख-दीड लाखाला असते. आईबाप गोंधळतात. स्वस्त म्हणजे टाकाऊ का? की महाग म्हणजे नुसता दिखावा?

अमळनेर आपल्यापासून लांब नाही. तिथे १९१६ साली प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. तेव्हा खान्देशात रोजच्या गोष्टीवर जरा मुळातून विचार करायला संकोच वाटायचे कारण नाही. आज आपण तीन प्रश्न वेगवेगळे करणार आहोत. स्वस्त गिटारचे गुण काय? तिचे मूल्य काय? आणि ती स्वस्त झाली, त्याची किंमत कोणी मोजली?

आधी आपल्या ओळखीची गोष्ट घेऊ. जळगाव सोन्याचे गाव. सराफाकडे गेलात की दागिन्याच्या बिलात दोन भाग असतात, एक सोन्याचा आणि दुसरा घडणावळीचा. उद्या मोडायला गेलात तर सोन्याचा भाव मिळतो, घडणावळ जाते. कारण सोन्याच्या बाबतीत मूल्य द्रव्यातच आहे असे आपण सगळ्यांनी मानलेले आहे. गिटारचे नेमके उलटे आहे. तिच्यातले लाकूड, लोखंड आणि तांबे तोलून विकले तर फारसे काही हाती येणार नाही. गिटार जवळजवळ सगळीच घडणावळ आहे. म्हणून गिटार स्वस्त झाली याचा अर्थ तिच्यातले ‘सोने’ कमी झाले असा नसतो. घडणावळ कमी झाली, किंवा यंत्राने केली, किंवा अर्धवट सोडली, असा असतो. यातले नेमके काय झाले, हे तपासायचे.

आता इलेक्ट्रिक गिटार वाजते कशी, हे बघू. मिरजेची सतार आणि तंबोरा सगळ्यांना माहीत आहेत. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे हे काम सुरू केले आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्यात तार छेडली की घोडीतून कंप तबलीत जातो, भोपळ्यातली हवा घुमते, आणि तो घुमारा आपण ऐकतो. तिथे भोपळा कसा वाळवला, लाकूड किती मुरले, यावर सगळे अवलंबून असते. म्हणून चांगला तंबोरा फार स्वस्त होऊच शकत नाही.

इलेक्ट्रिक गिटारची बहुतेक वेळा नुसती भरीव फळी असते. तारेखाली चुंबक आणि त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात. याला पिकअप म्हणतात. पोलादी तार चुंबकासमोर हलली की वेढ्यांमध्ये किंचित वीज उत्पन्न होते. फॅरेडेने १८३१ साली दाखवलेला हा नियम आहे. आपल्या शेतकऱ्यांना तो वेगळ्या वाटेने ठाऊक आहे. विहिरीवरची मोटर जळली की आपण ती वाइंडिंगच्या दुकानात नेतो. तिथे जे तांब्याचे वेढे भरतात, त्यांचाच हा धाकटा भाऊ. पिकअपची ही बारीक वीज ॲम्प्लिफायरमध्ये जाऊन मोठी होते आणि स्पीकरमधून आवाज निघतो.

यातून फार मोठी गोष्ट निघते. या वाद्याचा आवाज मुख्यतः तार, चुंबक, वेढे आणि ॲम्प यांतून घडतो. लाकडाने किती फरक पडतो यावर वादक हिरिरीने भांडतात, भांडू द्यावे. पण भोपळ्यावर तंबोरा जितका अवलंबून आहे, तितकी ही फळीवर अवलंबून नाही. दुर्मीळ लाकूड नसेल तर गिटार वाईट, हा युक्तिवाद इथे तोकडा पडतो.

इतिहासही हेच सांगतो. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५० च्या सुमारास त्याने भरीव फळीची गिटार बाजारात आणली. मान फळीला चिकटवायची नाही, चार स्क्रूंनी बसवायची. खराब झाली तर काढून दुसरी लावायची. १९५४ साली त्याची स्ट्रॅटोकास्टर आली, तिची किंमत अडीचशे डॉलरच्या घरात होती. ही रक्कम तेव्हा लहान नव्हती. म्हणजे फेंडरची गिटार स्वस्त नव्हती, पण पुढे कधीतरी स्वस्त करता येईल अशी तिची रचना होती. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची नजर त्या रचनेत आहे.

त्याच काळात नेथन डॅनियलच्या डॅनइलेक्ट्रो कंपनीने हार्डबोर्डच्या गिटारी केल्या. पिकअप बसवायला लिपस्टिकच्या नळ्या वापरल्या, आणि त्या गिटारी सिअर्सच्या दुकानांतून अन् कॅटलॉगमधून सामान्य घरांत गेल्या. पुढे लेड झेपलिनच्या जिमी पेजने असली गिटार मोठ्या रंगमंचावर वाजवली. इंग्लंडमध्ये १९६३ साली ब्रायन मे नावाच्या शाळकरी मुलाला फेंडर परवडत नव्हती. त्याने वडिलांच्या मदतीने घरीच गिटार करायला घेतली. मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या घेतल्या. आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारूख बुलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. त्याच्या क्वीन बँडमध्ये हीच घरगुती गिटार आयुष्यभर वाजली.

इतके लांब कशाला जायचे? गणपतीच्या मिरवणुकीतला आपला बेंजो घ्या. जपानमध्ये १९१२ साली नागोयाच्या मोरिता गोरो यांनी टाइपरायटरसारख्या कळा असलेले तैशोगोतो नावाचे तंतुवाद्य केले. ते आपल्याकडे आले, बुलबुलतरंग झाले, बेंजो झाले. आपल्या लोकांनी त्याला पिकअप लावला, भोंग्याला जोडला, आणि रस्ताभर लोक नाचायला लागले. अभिजात मंडळींनी त्याला वाद्य म्हणून फारसे मोजले नाही. पण स्वस्त, तारेचे आणि विजेवर चालणारे वाद्य महाराष्ट्राला नवे नाही, एवढे यातून सिद्ध होते.

आता आजच्या स्वस्त गिटारकडे येऊ. गिटारच्या मानेवर धातूचे पडदे असतात, सतारीसारखे, पण पक्के ठोकलेले. ते सरकवता येत नाहीत. प्रत्येक पडद्याची जागा गणिताने ठरते. एका पडद्यावरून पुढच्यावर गेले की तारेची लांबी ठरावीक प्रमाणात कमी होते आणि बाराव्या पडद्यावर ती बरोबर निम्मी होते. पूर्वी हाताने खाचा पाडताना इथे चूक व्हायची आणि ती चूक जन्माची असायची. आता संगणकावर चालणारी करवत खाचा पाडते. तिला सात हजारांची गिटार आणि सत्तर हजारांची गिटार यांतला भेद कळत नाही. त्यामुळे सुराचा मूळ आराखडा आज स्वस्त गिटारमध्येही बहुधा बरोबर असतो. वाद्यांच्या इतिहासात हा मोठा बदल आहे, आणि तो फारशी वाच्यता न होता झाला.

मग कमी काय असते? शेवटचा हात. पडद्यांची टोके घासणे, सगळे पडदे एका पातळीत आणणे, मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीच्या, म्हणजे नटच्या, खाचा योग्य खोलीच्या करणे, घोडीवर तारांची उंची आणि लांबी जुळवणे. हे काम माणसाच्या हाताने आणि कानाने होते. त्याला वेळ लागतो. कारखान्यात वेळ म्हणजे पैसा, म्हणून तो तिथे वाचवलेला असतो. याशिवाय खुंट्या, बटणे, स्विच हे भागही हलके असतात. पण ते बदलता येतात.

तेव्हा गिटार घरी आली की रंग बघू नका, या गोष्टी बघा. तार मोकळी सोडून मोबाईलवरच्या ट्यूनरने जुळवा. मग तीच तार बाराव्या पडद्यावर दाबून वाजवा. तोच स्वर एक सप्तक वर यायला हवा. थोडा चढा किंवा उतरता आला तर घोडीवरचा स्क्रू फिरवून दुरुस्त होतो. नंतर पहिल्या पडद्यावर दाबा. तिथेच स्वर चढत असेल तर नटच्या खाचा उथळ आहेत, त्या खोल करून घ्याव्या लागतील. मग प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा वाजवून ऐका. कुठे खरखर येते का, कुठे आवाज मरतो का? मानेच्या कडेवरून बोट फिरवा, टोके टोचतात का ते बघा. आपल्याकडे वैशाखात पारा पंचेचाळीसला टेकतो, हवा कोरडी होते, लाकूड आकसते आणि पडद्यांची टोके बाहेर डोकावतात. पावसाळ्यात लाकूड पुन्हा फुगते, मान किंचित वाकते. मानेच्या आत लोखंडी सळई असते, ती ॲलन कीने थोडी-थोडी फिरवून वाक काढता येतो. एका वेळी पाव फेऱ्याच्या पुढे जाऊ नये. तार खाचेत अडकून सूर उतरत असेल तर खाचेत पेन्सिलचे शिसे घासावे. खर्च शून्य. पण मानच पिळलेली असेल किंवा घोडी चुकीच्या जागी बसवलेली असेल, तर विचार करत बसू नका. परत पाठवा.

हे आम्ही इतके बारकाईने का सांगतो आहोत? इथेच मूल्याचा प्रश्न सुरू होतो, म्हणून.

वैशेषिकांनी गुणांची यादी करताना परत्व आणि अपरत्व असे दोन गुण सांगितले. लांब आणि जवळ, थोरला आणि धाकटा. हे गुण वस्तूचेच आहेत, पण ते उत्पन्न व्हायला अपेक्षाबुद्धी लागते, कुणाच्या तरी संदर्भाने बघणारी बुद्धी. महाग आणि स्वस्त हे शब्दही याच जातीचे आहेत. कुणाला महाग, हे विचारल्याशिवाय त्यांना अर्थच येत नाही. आणि ‘चांगली गिटार’ हेही कुणासाठी चांगली, हे विचारल्याशिवाय अर्धेच राहते.

ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये बासरीचे उदाहरण दिले आहे. उत्तम बासरी कुणाला द्यावी? श्रीमंताला नाही, कुलीनालाही नाही. जो उत्तम वाजवतो त्याला. कारण बासरी वाजवण्यासाठी असते. युक्तिवाद पक्का आहे. पण त्यातून सर्रास निष्कर्ष काढला जातो की नवशिक्याला कसलीही चालते. तिथे आमचा विरोध आहे. मुरलेला वादक वाईट वाद्यावरही निभावून नेतो. सूर चढतो आहे हे त्याच्या कानाला कळते, बोट जरा हलके ठेवून तो सावरतो. दोष वाद्याचा आहे हे त्याला ठाऊक असते. नवशिक्याला ते ठाऊक नसते. नटच्या खाचा उथळ असलेल्या गिटारवर बारा वर्षांची मुलगी शिकवल्याप्रमाणे अगदी बरोबर बोटे ठेवते आणि स्वर बेसूर येतो. ती काय म्हणते? गिटार वाईट आहे, असे म्हणत नाही. म्हणते, मला जमत नाही. तारा उंच असल्याने बोटे सोलतात, ती म्हणते, माझी बोटंच कच्ची आहेत. दोन महिन्यांनी गिटार कपाटावर जाते. घरात सगळे म्हणतात, हिला नाद टिकवताच येत नाही. वाद्याच्या खात्यातला दोष मुलीच्या खात्यावर जमा होतो, आणि आमच्या मते स्वस्त वाद्याचे खरे नुकसान हे आहे. पैसे गेले ते भरून निघतात. स्वतःविषयी झालेले खोटे ज्ञान निघता निघत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, नवशिक्याच्या वाद्याचे मूल्य एकाच गोष्टीत आहे. ते खरे बोलते का? बरोबर वाजवले तर बरोबर वाजले पाहिजे, चुकले तर चुकले असे ऐकू आले पाहिजे. सोन्याला कसोटीचा दगड असतो. दगड स्वतः मौल्यवान नसतो, पण खोटा असून चालत नाही. शिकणाऱ्याची गिटार ही त्याची कसोटी आहे. ती स्वस्त असली तर चालेल, खोटी असली तर चालणार नाही. आणि आनंदाची गोष्ट अशी की आजची स्वस्त गिटार खोटी असते ती बहुधा शेवटचा हात न फिरल्यामुळे. जाणत्या माणसाच्या तास-दोन तासांच्या कामाने ती खरी होऊ शकते.

मग महाग गिटार फसवणूक आहे का? नाही. सफाईचे काम, टिकाऊ भाग, हाताला येणारा समाधानाचा स्पर्श हे खरे गुण आहेत. पण किंमत आणि आवाज सोबतच वाढतात, हे गृहीतक तपासून बघावे लागते. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथे २१ कसलेल्या व्हायोलिनवादकांना डोळ्यांवर पडदा राहील अशी व्यवस्था करून सहा व्हायोलिन वाजवायला दिल्या. तीन नव्या, तीन अठराव्या शतकातल्या. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियस होत्या. सर्वांत जास्त पसंती एका नव्या व्हायोलिनला मिळाली, सर्वांत कमी एका स्ट्रॅडिव्हेरियसला. आणि आपल्याला आवडलेली व्हायोलिन नवी की जुनी, हे बहुतेकांना सांगता आले नाही. जुन्या व्हायोलिनची कीर्ती यामुळे खोटी ठरत नाही. पण किंमत कानाला ऐकू येत नाही, ती बहुतेक डोळ्याला दिसते, एवढे कळते.

आता तिसरा प्रश्न, आणि तो जरा अवघड आहे. अमर्त्य सेन यांनी २००९ सालच्या ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ या ग्रंथात तीन मुले आणि एक बासरी असा दृष्टान्त दिला. एक मूल म्हणते, मलाच वाजवता येते. दुसरे म्हणते, मी गरीब आहे, माझ्याकडे खेळायला दुसरे काही नाही. तिसरे म्हणते, ही बासरी मी घडवली. बासरी कुणाची? सेन दाखवतात की तिघांच्याही मागे न्यायाची एकेक सबळ कल्पना उभी आहे.

स्वस्त गिटारने पहिली दोन मुले एकत्र आणली. ज्याला वाजवायचे आहे आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत, त्या दोघांच्या हाती गिटार आली. तिसऱ्याचे काय? दक्षिण कोरियाची कॉर-टेक ही कंपनी स्वतःच्या कॉर्ट या नावाने आणि जगातल्या अनेक नामवंत कंपन्यांसाठी गिटारी करते. २००७ सालापासून तिने कोरियातले कारखाने बंद करायला घेतले. उत्पादन इंडोनेशिया आणि चीनमधल्या कारखान्यांत होत राहिले. कामावरून काढलेल्या कामगारांनी लढा दिला. जन्मभर गिटारी घडवलेल्या त्या हातांतल्या काहींनी बँड काढला आणि आंदोलनात स्वतः गिटार वाजवली. समझोता झाला तो २०१९ साली. म्हणजे बारा वर्षे गेली. आपल्या घरात येणारी घडणावळ स्वस्त का, याच्या उत्तराचा एक भाग संगणकाची करवत आहे आणि दुसरा भाग हा आहे.

म्हणून गिटार घेऊच नये का? तसे आम्ही म्हणणार नाही. मुलीने वाजवले नाही म्हणून त्या कामगारांना न्याय मिळत नाही. पण वस्तू स्वस्त आहे म्हणून ती फेकाऊ समजायची नाही, एवढे आपल्या हाती आहे. तिसऱ्या मुलाने घडवलेली वस्तू कपाटावर धूळ खात पडली, तर तिघांचाही दावा वाया जातो.

व्यवहाराचे सांगायचे तर, सगळे पैसे गिटारमध्ये घालू नका. काही रक्कम बऱ्या लहान ॲम्पसाठी ठेवा, कारण निम्मा आवाज तिथे आहे. काही नव्या तारांसाठी आणि वाद्य जुळवून देणाऱ्या माणसासाठी ठेवा. उरलेले शिक्षकासाठी.

श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी दोन इथे घेत आहोत.

प्रश्न: सर, आधी साधी लाकडी गिटार घ्यावी आणि मग इलेक्ट्रिक, असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

उत्तर: तसा नियम काही नाही. उलट इलेक्ट्रिकच्या तारा बारीक आणि मानेजवळ असतात, लहान बोटांना त्या सोप्या जातात. इअरफोन लावता येतो, शेजाऱ्यांची झोप मोडत नाही. मुलाला जे संगीत वाजवायचे आहे, ते ज्या वाद्यावर वाजते ते घ्या. भजनाची ओढ असेल तर पेटी घ्या की! आवड एकीची आणि वाद्य दुसऱ्याचे, असे करू नका.

प्रश्न: महाग घेतली तर निदान मोड तरी चांगली येते ना?

उत्तर: नामवंत कंपनीची असेल तर काही येते, पण ते सोने नव्हे. दुकानाबाहेर पडली की किंमत उतरतेच. तरी या प्रश्नाची दुसरी बाजू तुमच्या फायद्याची आहे. ज्यांच्या मुलांनी सोडून दिले, त्यांच्या घरी बऱ्यापैकी गिटारी पडून असतात. जळगावात, भुसावळात चौकशी करा. नव्या स्वस्त गिटारच्या पैशांत जुनी चांगली मिळू शकते. फक्त घेण्याआधी मगाशी सांगितलेली बाराव्या पडद्याची परीक्षा तिथेच, विकणाऱ्याच्या समोर करा. त्यात भीड धरू नका.